टाकीतले दगड
परवा सीवूड्सच्या एका दुकानात माशांच्या टाकीचा शेवाळी, ओलसर वास आला आणि ऐंशीच्या दशकातलं नेरूळचं आमचं घर आठवलं. बाबांचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि दवाखान्यात जाताना त्यांनी आपले सिक्लिड जातीचे दोन मासे माझ्यावर सोपवले होते. त्यातला नर सगळी टाकी आपलीच समजायचा. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्याने मादीला कोपऱ्यात कोंडलेलं, तिची शेपटी फाटलेली. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात जवळच्या सारसोळे गावातली कोळीण मासळी घेऊन दारात आली. टाकीत डोकावून म्हणाली, "दगड हलव गो. जागा वळखीची नाय रायली, की त्यो गप बसल." मी हात घालून सगळे दगड इकडचे तिकडे केले. नर गोंधळून नुसता फिरत राहिला आणि दुपारी मादी दाणे खायला वर आली. संध्याकाळी दवाखान्यात बाबांनी डोळे उघडले आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच बोलले, "मासे?" "दोन्ही आहेत," म्हणताना मला हुंदका फुटला. "माशांसाठी रडतेस?" आईने विचारलं. मी मान डोलावली. आज सांगायला हरकत नाही, बाबांचा आवाज ऐकून रडले होते.