मयत हजर आहेत

महापालिकेच्या दवाखान्यातून आयाबाई म्हणून निवृत्त झाल्यावर सुनंदा साळवे कांजूरमार्गच्या आपल्या वस्तीच्या मतदार यादीमागे हात धुऊन लागली. कुणाचं नाव गळलं, कोण दोनदा छापून आलं, सगळं तिच्या वहीत. पक्ष कुठला, हे मात्र ती कुणालाच विचारायची नाही. त्यामुळे प्रत्येक पक्षाला ती दुसऱ्याची वाटायची, आणि तिला त्याची भारी गंमत यायची. एकाचा चहा पिऊन ती दुसऱ्याच्या खुर्चीवर जाऊन बसायची, मुद्दाम, सगळ्यांना दिसेल अशी.

एकदा त्या यादीत तिला शेजारचा सीताराम मयत म्हणून नोंदलेला सापडला. सीताराम मालवणचा, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झालेला, वीस वर्षं नळावरून तिच्याशी भांडणारा, आणि तिला डोळ्यांसमोर नको असलेल्या उमेदवाराचा कट्टर माणूस. हे काम सुनंदाचंच, अशी वस्तीत कुजबुज सुरू झाली. ते तिच्या फार जिव्हारी लागलं. नाव घालायची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. ती तडक त्याच्या दारात गेली आणि चल म्हणाली.

तो जागचा हलेना. "तुझ्या माणसाक मी मत देवचंय नाय हां. आधीच सांगतंय."

"नको देऊस. आधी जिवंत तर हो."

निवडणूक कार्यालयातल्या कारकुनाने मान वर न करता अर्जदार कोण ते विचारलं. सुनंदाने सीतारामला पुढे ढकललं. "मयत हजर आहेत, साहेब. गुडघे दुखतात त्यांचे, खुर्ची द्या."

रांगेत हशा पिकला. सीताराम भडकला आणि त्याने कार्यालय डोक्यावर घेतलं. एवढा आरडाओरडा करणारा माणूस मेलेला नसावा, हे कारकुनालाही पटलं. पाचला दहा कमी असताना अर्जावर शिक्का पडला.

वस्तीतल्या बायकांनी सुनंदाला वेड्यात काढलं. आपल्याच मतावर पाणी पाडायला आपणच माणूस उठवून आणला म्हणाल्या.

"मेलेल्याला हरवण्यात काय मजा?" ती म्हणाली.

पण निकालात तिचाच उमेदवार पडला. सीतारामने तिच्या दारासमोर फटाक्यांची माळ लावली. ती दिवसभर धुसफुसत होती, जेवलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ती परत त्याच्या दारात. त्याची सून अक्षता लग्न होऊन दोन वर्षं इथे होती, पण नाव अजून माहेरी, कणकवलीच्या यादीत. सुनंदाने ते इकडे आणायचा फॉर्म आणला होता. सीताराम खूश झाला. घरात एक मत वाढलं म्हणाला, आणि आमच्या घरातली मतं एकाच ठिकाणी जातात, हेही सुनेला बजावून झालं.

अक्षताने पेन हातात घेतलं. "बाबा, तुमचं नाव घालताना मावशींनी तुम्हाला काही अट घातली होती का?"

सीतारामने सुनंदाकडे पाहिलं. ती काही मदतीला आली नाही. मग सही कुठे करायची, ते त्यानेच बोट ठेवून दाखवलं.