तांब्याच्या कडीचं कासव

ती घटना अजून डोळ्यांपुढून हलत नाही. आता तर हलणारच नाही, कारण गेल्या महिन्यात माळा साफ करताना घरातलं जुनं तांब्याचं घंगाळ खाली काढलं. त्याला आतून नखांचे ओरखडे आहेत. ते घासून टाक म्हणून मी सांगायचो आणि बायको म्हणायची, राहू द्या. तिला जाऊन पाच महिने झाले. ओरखडे तसेच आहेत.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. लिहिण्याची सवय पंचनाम्यापुरती. म्हणून जसं घडलं तसं सांगतो. नाव कुणाचंच घेणार नाही.

नव्वद साल उलटून काही वर्षं झाली होती. आंबेगाव तालुक्यातल्या एका छोट्या ठाण्यात मी हवालदार होतो. एक वायरलेस, ढकलल्याशिवाय सुरू न होणारी एक जीप, आणि मागे पोलीस लाईनीच्या खोल्या. दिवाळी जवळ आली होती. बाजाराच्या दिवशी जुन्नरचा एक पत्र्याचा कारागीर आमच्याकडे पेट्या, चाळण्या घेऊन यायचा. मुसलमान होता, सगळे त्याला चाचा म्हणत. तो त्या दिवशी ठाण्यात येऊन बसला. पाणी प्याला. पिकापाण्याचं विचारलं. खबर द्यायला आलेला माणूस कधी सरळ खबर देत नाही, आपण गप्प बसायचं असतं. 

शेवटी म्हणाला, "हवालदारसाहेब, एक सवाल हाय. वर भोकं पाहिजेत, पण तळातून थेंब गळता कामा नये, अशी पेटी कोण मागतं?"

"कोंबड्यावाला," मी म्हणालो.

"तो पण तेच म्हणला. पिल्लं न्यायचीत. मी म्हणलं, भाऊ, पिल्लं पोहणार हायेत का?"

त्यावर गिऱ्हाईक हसलं नव्हतं, म्हणून चाचाला संशय आला. दोन पेट्या त्यानं करून दिल्या होत्या. घेणारा माणूस परवा आळेफाट्यावरून नाशिकची गाडी धरणार, एवढं त्याच्या बोलण्यात आलं होतं. उजव्या कानाची पाळी फाटलेली, ही खूण चाचानं आपण होऊन दिली.

साहेबांची परवानगी घेऊन मी आणि एक शिपाई साध्या कपड्यात आळेफाट्याला गेलो. हद्द आमची नव्हती, म्हणून तिथल्या ठाणे अंमलदाराला सांगून डायरीत नोंद केली, मगच स्टँडवर उभे राहिलो. दुपारी फाटक्या कानाचा माणूस आला. हातात दोन पेट्या. पेट्यांखाली जमीन ओली होत नव्हती, पण आत पाणी डुचमळल्याचा आवाज येत होता. चाचाचं काम पक्कं होतं.

पंच म्हणून चहाच्या हॉटेलचा मालक आणि शेजारच्या गॅरेजचा मिस्त्री घेतला. पेट्या उघडल्या. आत काळी, कठीण पाठीची कासवं. हॉटेलवाला दोन पावलं मागं सरला. मिस्त्रीनं मोजली आणि म्हणाला, "लिहा साहेब, अकरा नग, चालू हालतीत."

मी हसलो आणि जवळपास तसंच लिहिलं. मग नियमाप्रमाणे मुद्देमाल सील केला. पेट्यांना कापड गुंडाळलं, सुतळी बांधली, गाठीवर लाख ओतून शिक्का मारला, पंचांच्या सह्यांचं लेबल लावलं. वीस वर्षांच्या नोकरीत दारूचे कॅन, चोरीची भांडी, सुरे, सगळं मी असंच सील केलं होतं. कापडाखाली चाचानं पाडलेली भोकं बुजली, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ठाण्यात पोचेपर्यंत दिवस कलला. बायको पाणी भरायला आली होती. तिनं पेटीला कान लावला. म्हणाली, "ह्यात हालचाल न्हाई." मी म्हणालो, मुद्देमालाला हात लावू नको, सील आहे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वतःच लाख फोडली. एक कासव मेलं होतं. चार लुळी पडली होती.

"जाळ्यात सापडून जगली आन् तुमच्या लाखेनं मेली," एवढंच ती बोलली. नंतर जन्मात तिनं तो विषय काढला नाही. मला मात्र आजही कुठं लाखेचा वास आला की ते आठवतं.

सील फोडल्याचा मी वेगळा पंचनामा केला, साहेबांची बोलणी खाल्ली. वनखात्याचा वनरक्षक आला. तो म्हणाला, ही नदीनाल्यातली कासवं, कायद्यानं वन्यजीव, कोर्टाच्या हुकमाशिवाय सोडता येत नाहीत आणि ठेवायला आमच्याकडे जागा नाही. कोर्टाला दिवाळीची सुट्टी. रिमांडपुरते न्यायाधीश बसायचे, पण सोडण्याचा हुकूम सुट्टीनंतरच मिळणार होता. मग मी सुपूर्दनाम्यावर सही करून दहा कासवं माझ्या ताब्यात घेतली. सही माझी होती, पण सांभाळणार बायको होती.

सहा कासवं लाईनीच्या हौदात गेली. लुळी चार घंगाळात. तिनं त्यात चढायला दगड ठेवले, केळी घातली, वनरक्षकाला विचारून नदीतली शिंपली आणली. त्या दिवाळीत आमच्या घरी अभ्यंगस्नान प्लास्टिकच्या बादलीतून झालं. लाईनीतल्या बायका हसल्या. एक म्हणाली, "वैनी, पयलं उटणं कासवाला का?" ती म्हणाली, "त्याला तरी लागू पडंल."

इकडे आरोपी काही बोलत नव्हता. धंदा मजुरी, कासवं नदीत सापडली, एवढंच. दोन दिवस तेच वाक्य. आमच्यात काहींचं म्हणणं होतं की पट्टा काढा. पट्ट्यानं माणूस बोलतो, पण तुम्हाला जे ऐकायचंय तेच बोलतो, हा माझा अनुभव. मी त्याला वेळेवर जेवण दिलं आणि पाहत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आपण होऊन म्हणाला, "त्यांचं पाणी बदललं का?"

मी घरी येऊन हे सांगितलं. बायको तेव्हा एका मोठ्या कासवाच्या पाठीवरचं शेवाळ काथ्यानं घासत होती. ती म्हणाली, "इकडं बघा." पाठीच्या कडेला बारीक भोक होतं आणि त्यात तांब्याची कडी, शेवाळानं हिरवी झालेली.

आमच्या भागात नवी विहीर खोदली की पाणी पुजून तिच्यात एक कासव सोडायची रीत होती. कासवानं पाणी स्वच्छ राहतं, असं लोक धरून चालतात. काही घरं खूण म्हणून कडी घालत.

"हे नदीतलं न्हाई," ती म्हणाली. "कुणाच्या तरी घरचं हाय. आणा त्याला इथं."

आरोपीला घरच्या अंगणात आणायचं, हे नियमात बसतं की नाही मी पाहिलं नाही. लाईन ठाण्याच्याच आवारात होती. शिपायानं दोर धरला होता. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. घासता घासता म्हणाली, "भाऊ, विहिरीत उतरलेल्या माणसाला जेवू घातल्याबिगर कुणी पाठवत न्हाई. तू ह्या कासवाच्या घरी जेवला असशील."

त्यानं कडीकडं पाहिलं. मग खाली बसला.

"जेवलोय. दोनदा," तो म्हणाला. "म्हातारीनं काठावरनं बादलीत भाकरी सोडली व्हती. भाकरी खाल्ली आन् त्याच बादलीतनं कासव वर काढलं. वर फडकं टाकलं."

तो पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा फिटर निघाला. मोटारीत गाळ अडकला की लोक त्याला बोलवायचे, तो विहिरीत उतरायचा, कुठं कासव आहे ते त्याला ठाऊक असायचं. मग सगळं बाहेर आलं. कोणत्या गावची कोणती विहीर, आणि नाशिककडचा खरेदीदार. तो गुप्तधनाच्या नादी लागलेल्यांना कासवं पुरवायचा. नखांची संख्या जुळली तर ठेवायची, नाही तर फेकून द्यायची. चार दिवसांत तिकडच्या पोलिसांच्या मदतीनं तोही सापडला. कागदावर लिहिलं, आरोपीस विश्वासात घेऊन तपास करता गुन्हा उघडकीस आला. विश्वासात घेणारी कोण, ते केस डायरीत नाही.

कडीचं कासव शिनोलीजवळच्या एका वस्तीवरचं. तिथली म्हातारी ओळख पटवायला आली. कासव दिसल्याबरोबर खाली बसून तिनं त्याच्या पाठीला डोकं लावलं. विहिरीतलं कासव गेलं म्हणजे घराला काही वाईट लागलं, असं धरून तिनं नव्या सुनेला माहेरी धाडलं होतं. तिच्या पायगुणानं गेलं म्हणे. मी तोंडावर सांगितलं, "आजी, पायगुण त्या फिटरचा. तू त्याला भाकरी दिलीस आणि पोरीला घालवलंस. पहिलं तिला आण." म्हातारीला राग आला. पण दुसऱ्या दिवशी आली ती सुनेला घेऊनच.

आता तिला कासव परत हवं होतं. वनरक्षकानं कायदा सांगितला, तिनं ऐकला नाही. ठाण्याच्या पायरीवर बसून राहिली. "माज्या मालकांनी सोडल्यालं हाय. त्यांच्या हातचं तेवडंच ऱ्हायलंय," म्हणाली. तिनं दावा लावला असता तर निकालापर्यंत हुकूम अडकला असता, आणि घंगाळातली चार तेवढी टिकली नसती. एकानं तर खाणंच सोडलं होतं. कायदा माझ्या बाजूचा होता, पण त्या बाईपुढं तो कामाचा नव्हता.

बायको तिच्या शेजारी जाऊन बसली. वनरक्षकानं दाखवलं होतं तसं कासव उलटं करून तिला पोट दाखवलं. म्हणाली, "आत्याबाई, ही मादी हाय. किती वर्सं व्हती विहिरीत?"

"थोरला रांगत व्हता तवापासनं."

"सिमेंटाची विहीर. अंडी घालायला हिला माती लागती. कुठं घातली असतील वो?"

म्हातारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तिकडं धरणात सोडल्यावर लोक मारतील हिला. कोण बघायला जाणार हाय?"

"मी जाईन की," बायको म्हणाली. "दरसाल जाईन."

सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी म्हातारीनं कोर्टात आपला दावा नसल्याच्या कागदावर अंगठा दिला. हुकूम मिळाला. डिंभे धरणाच्या फुगवट्यावर, जिथं ओढा येऊन मिळतो तिथं आम्ही गेलो. दहाच्या दहा जिवंत. चाचा आपण होऊन कातर घेऊन आला होता. त्यानं कडी कापली, मी त्याचाही पंचनामा केला. नऊ कासवं सोडल्यावर म्हातारीनं आपलं स्वतः पाण्यात ठेवलं. ते थोडा वेळ तिथंच थांबलं, मग गेलं. पाण्यावर बुडबुडे आले. सून म्हणाली, "आत्याबाई, चला आता." दोघी एकमेकींचा हात धरून चढण चढल्या.

त्यानंतर त्या तालुक्यात होतो तोवर आणि बदलीनंतरही, दर दिवाळीनंतर आम्ही तिथं जायचो. बायको तिथल्या मासे धरणाऱ्यांशी बोलायची. जाळ्यात आलं तर सोडा, वाळत्या काठावर माती उकरू नका. आधी त्यांनी चेष्टा केली. मग ते आपण होऊन सांगायला लागले, इथं दिसलं, तिथं दिसलं. विहिरीत सोडायला कासव मागणाऱ्यांना ते नाही म्हणू लागले. काही वर्षांनी एकदा सुपारीहून थोडं मोठं पिल्लू दगडावर बसलेलं आम्ही पाहिलं. ते आमच्याच कासवाचं होतं असं मी म्हणणार नाही, पुरावा नाही. बायको मात्र तसंच सांगायची.

खटला संपल्यावर कडी म्हातारीला परत मिळाली. ती तिनं माझ्या बायकोला दिली. आता ती कडी माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे.

या केसनं मला काय शिकवलं? पहिलं हे, की सील करण्याआधी आत काय आहे ते पाहावं. दुसरं, माणूस दमदाटीनं बोलतो त्यापेक्षा खाल्लेल्या भाकरीच्या आठवणीनं जास्त बोलतो. फिटर शिक्षा भोगून आला आणि पुढं वनरक्षकाला विहिरीतली कासवं काढून द्यायचा. पैसे घ्यायचा नाही, जेवायचा.

यंदा मी एकटाच गेलो. जावं की नाही ठरत नव्हतं, पण शब्द दिलेला होता. मासे धरणाऱ्यातला एक जण, आता त्याचेही केस पिकलेत, होडी काठाला लावून म्हणाला, "मावशी न्हाई आल्या?"

 मी नुसती मान हलवली.

"परवा एक लई मोठं आलं व्हतं जाळ्यात," तो म्हणाला. "पाठीच्या कडेला भोक व्हतं. सोडलं लगेच. सांगा मावशींना."

सांगतो, म्हणालो. घरी येऊन सांगितलं.