बोटं बुडवलेला पेला

मी हसले. सगळ्यांच्या आधी हसले. आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ केला, पण त्या हसण्याइतका बावळटपणा दुसरा नाही.

पटकीची साथ होती. पिंपरीकडच्या आमच्या कॉलेजात आरोग्य समिती निघाली. पाणी उकळा, हात धुवा, टोचून घ्या, हे सांगायला सभा. समितीच्या सरांनी विचारलं, स्टेजवर कोण येतं? माझा हात वर. वाटलं, आवाज खणखणीत, मलाच बोलायला लावणार. वस्तीतून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. तोंडावर पावडरीचा थर, अंगावर शेजारणीची मागून आणलेली साडी. निघाली बाई, जशी काही स्वतःच्या सत्काराला.

भाषण बाजूलाच राहिलं. सरांनी पाण्याचा पेला पुढे केला. म्हणाले, "बोटं बुडव."

बुडवली. सरांनी पेला उंच धरला.

"ही कासारवाडीच्या रुळांकडच्या वस्तीतली. आता हे पाणी कोण पिणार?"

तेव्हा मी हसले. मग सगळा हॉल हसला. मला वाटलं, सरांनी विनोद केला.

साबणानं हात धुऊन गेले होते मी. कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून हॉलच्या दारातल्या माठाजवळ शिपाई. आम्हा वस्तीतल्या पोरांनी माठाला शिवायचं नाही, त्यानं वरून ओतायचं. का, तर साथ आहे. बाकीचे माठात पेला बुचकळायचे, नखांसकट. एका कारखानदाराचा मुलगा नाक शिंकरून तोच हात आत घालायचा. त्याला साथ नव्हती.

शिपायानं तांब्या कलता केला आणि माझी ओंजळ झाली. आपोआप. मला कधी कुणी शिकवलं नव्हतं. वर मी "थँक्यू" म्हणाले. इंग्रजीत, शिकलेली ना! आज ते आठवलं की तोंडात आंबट पाणी येतं. ओकारी त्या माठाची नाही येत. त्या थँक्यूची येते.

घरी काही बोलले नाही. पण संध्याकाळी आईनं पाण्याचा पेला दिला आणि मी तिच्यापुढेही ओंजळ धरली. आई बघत राहिली. दिघीकडच्या गावात तिचं सगळं लहानपण असंच ओंजळीनं पाणी पिण्यात गेलं होतं. आता ती कंपनीच्या कॅन्टीनात कपबश्या विसळायची, आणि त्याच कपांतून साहेब लोक चहा प्यायचे. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली. त्यांत पेला दिला.

सरांचा तो पेला गाजला होता. पुढच्या सभेला बाहेरचे पाहुणे आले. सरांनी पुन्हा मलाच बोलावलं. मी गेले. पावडर नाही, मागून आणलेली साडी नाही. पेला पुढे आला.

मी म्हणाले, "आज तुम्ही बुडवा, सर. मी पिते."

सरांचा हात कोटाच्या खिशात गेला, तो बाहेरच येईना. मी स्टेजवरून उतरले, शिपायाला बाजूला सारलं, माठात पेला घातला आणि सगळ्यांदेखत प्यायले. तहान नव्हती. तरी घटाघटा प्यायले.

माझी फीमाफी सरांच्या सहीवर चालायची. ती तिथल्या तिथे गेली. "शिस्त नाही," म्हणाले.

घरी येईपर्यंत माझी सगळी मर्दुमकी गळाली होती. शिक्षण संपलं, आता आईबरोबर कपबश्या. रडत रडत तिला सगळं सांगितलं, पेल्यापासून फीपर्यंत. वाटलं, मार बसणार.

आईनं चुलीपुढून मानही वळवली नाही. म्हणाली,

"फीचं मी बघीन. उद्या जायाचं. त्याच माठाचं पाणी घ्यायचं, आपल्या हातानं. घेऊ दिलं न्हाई तर तान्हेली ऱ्हा. मेलीस तरी चालंल, पर ओंजळ करायची न्हाई."