जास्त खाल्लेलं गवत

गोठ्यातलं शेणामुताचं पाणी ज्या तुकड्यात जातं, तिथलं हत्तीगवत काळपट हिरवं होऊन वाऱ्याशिवायच लोळलंय. त्यावर मी युरियाही टाकत आलो. आज म्हशीने ते हुंगलं आणि तोंड फिरवलं.

वहिनीने गोठ्याकडून येणारा पाट खोऱ्याने बुजवला. म्हणाली, "भावजी, खाऊन खाऊन दमलंय ते. आता त्याला काही देऊ नका. खताचा जोर बुडख्यात साचतो, तो सोडून वरूनच कापा आणि कडब्यात मिसळून म्हशीला घाला."

हातातली युरियाची बादली ठेवून मी बांधावर टेकलो. मदत म्हणजे काहीतरी नेऊन घालणं, एवढंच मला येतं. गवताला खत, म्हशीला गवत, घराला दूध. थांबूनही मदत होते, हे कधी मनात आलंच नाही. पाय भरून आले होते, तरी सवयीने उठायला लागलो.

"बसा," वहिनी म्हणाली. "आज धार मी काढते."