रिकामी रेघ

सातपूरला एक रेडियमवाला होता. गाड्यांच्या नंबरप्लेटी आणि ‘आईचा आशीर्वाद’ कापून द्यायचा. मी तेव्हा पीएचडी करत होतो. केसाएवढ्या बारीक वाटेतून दोन द्रव सोडायचे आणि ते वळणांवर मिसळतात का पाहायचं, हा माझा विषय. काचेत अशी वाट कोरून घेणं कॉलेजला परवडत नव्हतं. म्हणून मी ठरवलं, त्याच्या मशीनवर चिकट फिल्ममध्ये नागमोडी फट कापून घ्यायची आणि ती फिल्म दोन ॲक्रिलिकच्या पट्ट्यांमध्ये दाबून बसवायची.

पहिल्या दिवशी त्याने कापलं, सवयीने सुईच्या टोकाने आजूबाजूची सगळी फिल्म सोलून फेकली आणि मधली नागमोडी रेघ माझ्या हातात ठेवली.

मी म्हणालो, “मला ही रेघ नकोय. हिची रिकामी जागा हवीय.”

त्याने सुई कॉलरला खोचली. “म्हणजे लोक नेतात ते फेकायचं आणि फेकतात ते तुम्हाला द्यायचं,” असं म्हणून तो पुन्हा कापायला बसला.

त्या फटीच्या एका टोकाला लाल आणि निळं पाणी शेजारी शेजारी सोडलं. शेवटच्या वळणावरून ते जांभळं होऊन निघालं.

प्रबंधाच्या आभारात मी त्याच्यासाठी जागा सोडली होती. छापायच्या आधी नाव विचारायला गेलो, तेव्हा तो कुठल्याशा रिक्षावाल्याच्या मुलीचं नाव कापत होता. मान वर न करता म्हणाला, “जागा सोडलीय ना? मग राहू द्या सर. तुम्हाला तेच लागतं.”

ती जागा तशीच छापली. त्या पानावरची बाकीची नावं आता मला आठवत नाहीत.