साळवे सिस्टरचा लिलाव

साळवे सिस्टर वांग्याच्या रोपाला हात लावायच्या तो नाडी पाहिल्यासारखा. दोन बोटं देठाखाली आणि मान किंचित कलती. दुपारच्या उन्हात मान टाकलेलं रोप पाहून पोरं हळहळली की म्हणायच्या, "पेशंट झोपलाय रे, मेला न्हाई. संध्याकाळी राउंडला या."

ईरा, कबीर, आपल्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत फुटक्या फरश्या आणि एक मोडका सोफा होता, आठवतो? कबीरने त्यावर उड्या मारून गुडघा फोडून घेतला होता. त्याच जागेची ही गोष्ट. तुम्ही परदेशी गेलात आणि सिस्टर तळमजल्यावर राहायला आल्या. जन्मभर हॉस्पिटलात नर्स, पण मूळच्या देवळाली प्रवराच्या, उसाच्या रानात वाढलेल्या. मला भेटल्या की ख्रिस्ती लोकांच्या रीतीने "सलाम, बाई" म्हणायच्या, आणि मातीत बसल्या की बोलणंही गावचं व्हायचं. जिन्यात मोबाईल घेऊन बसलेल्या शेजारच्या ओंकारला आणि त्याच्या कॉलेजच्या मित्रमैत्रिणींना त्यांनी पहिल्याच आठवड्यात उठवलं. "बोटं दमली आसतील. आता जरा पाठ दमवा!"

सोफा गेला, फरश्या गेल्या, वाफे झाले. घराघरांतल्या भाजीच्या सालींचं खत झालं. वांगी धरली, लाल भोपळ्याचा वेल कुंपणावर चढला. आणि नेमकं तेव्हाच चेअरमन बोरुडेंनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: मागच्या जागेत पेव्हिंग ब्लॉक बसवून पार्किंग करायचं, निर्णय रविवारच्या सभेत.

"सिस्टर, संपलं आपलं," ओंकारचा आवाज चिरकला होता.

"रडतोस काय? टोपल्या आन. आमच्या चर्चात हंगामाच्या सणाला करतात तेच करू."

त्या सणाला लोक शेतातला पहिला माल देवापुढे आणतात आणि मग त्याचा लिलाव होतो. एकेका लिंबावरून हसत हसत चढाओढ लागते. आमच्या लिलावाला सिस्टरची अट एकच: पैसे चालणार नाहीत, बोली कामाची.

रविवारी सभा सुरू होताच ओंकार खुर्चीवर चढला. "पहिलं वांगं! देठासकट, काट्यांसकट! बोला!" सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी मीच हात वर केला, "एक रविवार खुरपणी!"

"दोन रविवार!" वरच्या मजल्यावरचे जोशी ओरडले.

"तिसगावहून येताना टेम्पोभर शेणखत!" टेम्पोवाले शेखभाई उभेच राहिले. "आता बोला जोशी!"

मग काय विचारता! मिरचीवर बोली, कोथिंबिरीच्या जुडीवर बोली, हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी. शेवटी भोपळा आला. कुणी काही बोलायच्या आत बोरुडेंच्या मिसेस उठल्या. "आमची गाडी वर्षभर बाहेर रस्त्यावर लावू!"

"अगं, मला विचारशील की नाही?" बोरुडे.

"बोली झाली साहेब," सिस्टर म्हणाल्या, "आता मागं फिरायचं न्हाई." ओंकारने एक वार, दोन वार, तीन वार केलं. पाठोपाठ "आमचीही बाहेर!", "आमचीही!" असे हात वर झाले. पार्किंगचा विषय मतदानाला आलाच नाही. बोरुडे भोपळा काखेत मारून घरी गेले.

गेल्या महिन्यात सिस्टर देवळालीला भाचीकडे कायमच्या राहायला गेल्या. निघताना पोरांनी त्यांच्या खुरप्याचा लिलाव मांडला. बोली चढतच होती, जोशी तर महिन्यावर गेले होते. मी म्हटलं, "गुडघे चालतील तोवर, रोज सकाळी." मग मात्र कुणी पुढे गेलं नाही. सिस्टरनी खुरपं माझ्या हातात दिलं आणि हात सोडलाच नाही. दोन बोटं मनगटावर तशीच ठेवून म्हणाल्या, "चांगली चालतीय. सलाम, बाई. राउंड चुकवू नका."

मी चुकवलेला नाही. आज सकाळी वेलावर नवा भोपळा दिसला, जेमतेम लिंबाएवढा! तुम्ही नाताळच्या सुट्टीत याल तोवर लिलावाजोगा होईल. काय बोली लावायची ते विमानातच ठरवून या. डॉलर चालणार नाहीत.