पहिल्या पानाचं दफन

मुलांनो, तिकडच्या एका लिलावात जुनं हिब्रू प्रार्थनापुस्तक भलत्याच किमतीला गेल्याची बातमी तुम्ही मला पाठवलीत आणि विचारलंत, आजी, तुझ्या शेजारच्या काकांकडे असलंच होतं ना? होतं. ते डोळ्यांनी पाहिलेलं इथं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, म्हणून आजच लिहून ठेवते.

पुस्तकाला माणसापेक्षा जास्त मान देणारा असा गृहस्थ मी दुसरा पाहिला नाही. काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळचे अलिबागकडचे. निजामाच्या रेल्वेत स्टेशनमास्तर होऊन औरंगाबादेत आले, आणि पोलीस ॲक्शननंतर राज्य बदललं, साहेब बदलले, तरी हे इथंच राहिले. शनिवार हा त्यांचा धर्मानं पाळायचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटत नसे. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे येऊन, "सूनबाई, उद्याचाही आत्ताच दे," म्हणत लागोपाठ दोन चहा पीत. त्यांचं प्रार्थनापुस्तक ॲम्स्टरडॅमला छापलेलं, शेकडो वर्षांचं, कोचीनमार्गे घराण्यात आलेलं. ते हातातून निसटलं तर उचलून त्याचा मुका घेत, कुणाला पालथं ठेवू देत नसत, आणि त्यावर काही ठेवलं, मग ते रेल्वेचं टाइमटेबल का असेना, तर दिवसभर अबोला. रझाकारांची धास्ती ताजी होती तेव्हा एका शिपायानं ते उजवीकडून उघडतं म्हणून उर्दू समजून त्यांना हटकलं. आम्ही दाराआडून बघत होतो. काकांनी त्याला आधी हात धुवायला लावले, मगच पुस्तक दाखवलं.

फाटलेलं पानही ते टाकत नसत. देवाच्या पुस्तकाचा कागद जाळायचा नाही, रद्दीत घालायचा नाही, माणसासारखा पुरायचा, ही त्यांची रीत. पुस्तकाचं पहिलं पान सुटून आलं तेव्हा त्यांनी ते मडक्यात घातलं आणि पडेगावच्या वाटेवर, ज्यूंच्या कब्रस्तानात, आपल्या वडिलांच्या थडग्याशेजारी नेऊन पुरलं. टांगेवाल्यानं विचारलं होतं, "मास्टरसाब, किताब की बी मय्यत होती क्या?"

"होती," काका म्हणाले, "और तू बी टोपी सीधी कर."

पुढे मुलाचं इस्रायलला जायचं ठरलं. पुस्तक विकलं तर तिकडे सगळ्यांना एकत्र राहता येईल एवढं घर होणार होतं. नाहीतर एक खोली, आणि काका मागे. मुंबईहून जुन्या पुस्तकांचे एक व्यापारी आले. त्यांनी बांधणी चाचपली, कागद उजेडात धरला, मान डोलावली, आणि एकदम थांबले. गाव, साल, छापणाऱ्याचं नाव असतं पहिल्या पानावर. तोंडी सांगितलेलं कुणी मानत नाही, आणि त्या पानावाचून हे नुसतंच जुनं पुस्तक. पान कुठं आहे ते काकांनी खाली बघत सांगितलं. मडक्यात आहे ना, व्यापारी म्हणाले, मग काढू.

मुलगा कुदळ घेऊन त्यांच्याबरोबर पुढे गेला. काका आणि मी टांग्यानं मागे. आम्ही पोचलो तोवर मुलानं दोन घाव घातले होते आणि माती भुसभुशीत निघत होती. काका पुढं झाले. मला वाटलं, आता ओरडतील.

"काढ," ते हळू म्हणाले. "तुझ्या घराचा प्रश्न आहे, मी नको म्हणणार नाही. फक्त एवढं सांग. पुरताना मी प्रार्थना म्हटली होती. आता ती परत कशी घेऊ? उलटी म्हणू?"

व्यापारी हसले. मुलगा हसला नाही. कुदळ वर धरून तसाच उभा राहिला. ती कोणत्या बाजूला खाली येईल ते मला कळत नव्हतं. मग त्यानं कुदळ बाजूला टाकली आणि पायानं माती पुन्हा आत लोटली.

"चला बाबा," तो म्हणाला. "ऊन लागेल."

मुलगा बायकोपोरांना घेऊन गेला. पुस्तक काकांनी त्यालाच दिलं, स्वच्छ पंच्यात गुंडाळून. काही वर्षांनी तिकडे दुसरी खोली झाली, बोलावणं आलं. काकांनी ट्रंक झटकली, पुन्हा जागेवर ठेवली, आणि मला म्हणाले, "मी गेल्यावर पानाकडे कोण बघणार, सूनबाई?" शुक्रवारचे दोन चहा शेवटपर्यंत चालू होते.

पुस्तक त्यांच्या नातवाकडे आहे, पहिल्या पानाशिवाय. विकलेलं नाही. इथं कब्रस्तानाच्या कुंपणाची भिंत पडली आहे. वडिलांचं आणि काकांचं, दोन्ही थडगी शाबूत आहेत, आणि मधली माती पुन्हा कुणी उकरलेली नाही.